चार बोटं पाणी

उन्हाळा आला की माझं डोकं फिरतं. लोकांना मोगरा आठवतो, कैरीचं पन्हं आठवतं, गच्चीवर घातलेली अंथरुणं आठवतात. आठवोत बापडी. मला आठवतं कोरडं पडलेलं तोंड, आणि ते कोरडं पडलं म्हणून झालेला आनंद.

यंदाही चैत्र तापायला लागला आणि मला जरा चक्कर आली. पडले नाही, नुसती भिंत धरली, पण घरात तेवढी बातमी पुरली. डॉक्टर म्हणजे कालपरवाचं पोरगं. त्याने विचारलं, आजी, दिवसाला पाणी किती पिता? मी म्हटलं, तहान लागेल तेवढं. तो हसला आणि म्हणाला, या वयात तहान कळत नाही, ठरवून प्यायला पाहिजे. मग माझं वय, वजन, रक्तदाब, बाहेरचा उकाडा असं सगळं धरून त्याने माझं दिवसाचं पाणी काढून दिलं. संध्याकाळी नात पल्लवी दोन बाटल्या घेऊन आली, एक मला आणि एक तिला. आरपार दिसणाऱ्या बाटल्या आणि त्यांच्या पोटावर रेघा. वरच्या रेघेशी सकाळचे आठ, तिच्याखाली दहा, मग बारा, असं करत तळाशी संध्याकाळ. कुठल्या वेळेला पाणी कुठल्या रेघेपर्यंत उतरलं पाहिजे ते बाटलीच सांगते. पल्लवी म्हणाली, आता विसरायचं कामच नाही.

मी त्या रेघेवर बोट ठेवलं मात्र, माझं अंग तापलं. पोरीला वाटलं, मला बाटलीचा रंग आवडला नाही. ती बदलून आणते म्हणाली. मी नुसतं नको म्हटलं; त्याहून जास्त बोलायला लागले असते तर थांबले नसते. पाणी किती प्यायचं ते मोजायला मला बाटलीने शिकवावं? मी ते एकोणिसाव्या वर्षी शिकले आहे, आणि ज्या कारणासाठी शिकले ते आठवलं की अजून माझ्या दाढा एकमेकींवर घट्ट बसतात.

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली असतील. पिंपरीच्या माळावर एक मोठा कारखाना उभा राहत होता. कसला, ते आम्हाला बांधकाम संपत आलं तरी कुणी नीट सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पारनेरकडून दोघे भाऊ आणि आम्ही दोघी जावा असे कामाला आलो होतो. माझा नवरा आणि थोरले दीर गवंडी, आम्ही दोघी बिगारी. कासारवाडीला रुळांच्या कडेने झोपड्यांची ओळ होती, तिथे राहायचो. मी सातवी पास होते, पण घमेल्याला त्याचं काय कौतुक? थोरल्या जावेचं नाव गया. मी तिला आक्का म्हणायचे. जावा-जावांचं पटत नाही असं म्हणतात. आमचं पटायचं, कारण भांडायला लागणारा वेळ दोघींकडेही नव्हता. आक्का अंगाने काटक, आवाजाने मोठी, आणि हसायला लागली की घमेलं खाली ठेवून हसायची.

गावाकडे पाण्याला लांब जावं लागे. उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने हंडा भरायचा. इकडे पवना जवळ. बैलगाडीवर पिंपं चढवून नदीचं पाणी यायचं आणि सकाळीच रांजण काठोकाठ भरायचे. त्या पाण्याला ओल्या वाळूचा वास होता. पहिल्या दिवशी आक्का रांजणापाशी उभी राहून तांब्यावर तांब्या घटाघटा प्यायली, उरलेलं तोंडावर मारलं, आणि म्हणाली की आता इथून हलायचं नाही, इथंच मरायचं. दुपारी तिचा चेहरा पडला. ती इकडेतिकडे बघायला लागली. मीही बघितलं. बघण्यासारखं काहीच नव्हतं, हीच तर अडचण होती.

माळ परातीसारखा सपाट केला होता. बाभळी तोडून मुकादमाने चहाच्या चुलीत घातल्या होत्या. निवडुंग, बांध, करवंदीची जाळी, सगळं उपटून टाकलेलं. एका अंगाला आगगाडीचे रूळ, दुसऱ्या अंगाला मुंबईचा रस्ता, आणि त्यावर सारख्या लॉऱ्या. पुरुषांचं काही अडत नव्हतं. ते पाठ फिरवत, की झालं. बायकांनी पहाटेच्या अंधारात रुळांपलीकडे जाऊन यायचं, आणि नंतर दिवेलागणीला. मधला सगळा दिवस कुणीच हिशेबात धरलेला नव्हता. साहेबाच्या मोटारीला ऊन लागू नये म्हणून पत्र्याची शेड होती. सिमेंटच्या गोण्यांना ओल लागू नये म्हणून फळ्यांचं गोदाम होतं. साहेब माणूस वाईट नव्हता, कुणाला शिवी देत नसे, थर्मासमधलं पाणी पिऊन झालं की झाकण नीट लावायचा. मला त्या चांगल्या माणसाचा जास्त राग येतो. मुकादमाकडून मी कसली अपेक्षाच ठेवली नव्हती.

आम्हाला पाणी प्यायला शिकवलं खातूनबीने. ती कासारवाडीची, तिथल्या जुन्या घरातली. तिचा नवरा रस्त्याकडेला लॉऱ्या दुरुस्त करायचा. बायकांच्या रांगेत ती सगळ्यांत वडील, त्यामुळे मुकादमसुद्धा तिला अहो-जाहो करायचा. तिने आक्काला पहिल्या दिवशीच बाजूला घेतलं, फुलपात्राला चार बोटं आडवी लावून दाखवली आणि नियम सांगितला. सकाळी निघताना चार बोटं पाणी. भाकरीबरोबर दोन बोटं. उन्हं कलली की नुसते ओठ ओले करायचे. चहा नाही, ताक नाही, पातळ कालवण नाही. नदीच्या वाळूत तेव्हा कलिंगडं पिकायची, गवंडी दुपारी ती फोडून खायचे, लाल पाणी कोपरापर्यंत ओघळायचं. बायकांना कलिंगड बंद. तोंड फारच सुकलं तर एक चिंचोका गालात धरायचा. तो फुटेपर्यंत तोंडाला पाणी सुटतं.

नियमाला पोटनियम होते. उन्हात खडी वाहणारीने एक बोट जास्त प्यावं, कारण ते घामात जातं. सावलीत वाळू चाळणारीने एक बोट कमी. आभाळ आलं तर सगळ्यांनीच कमी. महिन्याचे दिवस असले तर बोलायलाच नको. त्या दिवसांत कितीतरी जणी कामावर यायच्या आधी पाण्याकडे बघायच्याही नाहीत. संध्याकाळी घरी आलं की आधी कळशी. मी बायकांना कळशीला तोंड लावून पिताना पाहिलं आहे, लहान मूल अंगावर पितं तसं डोळे मिटून. आणि दुपारी एखादीचं तोंड कोरडं ठाक पडलं, घाम येऊन येऊन थांबला, की ती समाधानाने म्हणायची, आज बरोबर जमलं. म्हणजे आज शरीरात सांडण्यासारखं काही उरलं नाही. आम्ही याला जमणं म्हणत होतो.

चैत्र गेला आणि आक्काला दिवस गेलेले दिसायला लागले. पोटाबरोबर तिची अडचण वाढली. ज्या बाईला दिवस असतात तिला किती वेळा उठावं लागतं हे काय सांगायला पाहिजे? तिने आणखी एक बोट कमी केलं. मग जळजळ सुरू झाली. मग पाय सुजले, संध्याकाळी अंगात कणकण यायची, कमरेत कळ मारायची. मी तिला चिंचवडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरने तिची जीभ बघितली, डोळे बघितले, आणि मलाच झापलं की ही बाई पाणी का पीत नाही. औषधापेक्षा पाणी महत्त्वाचं आहे, दिवसभर सारखं प्यायचं, कळशीभर तरी पोटात गेलं पाहिजे. नाहीतर बाईचं काही खरं नाही आणि मुलाचंही. त्याचं बरोबर होतं. परत येताना रस्त्याकडेच्या दगडावर आक्का बसली. मला वाटलं रडेल. ती हसत होती.

"सरू," ती म्हणाली, "डाक्टरनं पानी प्यायला सांगितलं. मुतायला कुठं जायचं, ते न्हाई सांगितलं."

घरी बसणं शक्य नव्हतं. कुणाचंच शक्य नव्हतं. एक दिवस न आलेल्या बाईच्या जागी मुकादम दुसरी उभी करायचा. म्हणून आम्ही दोघी चुलीपुढे बसून तिचं पाणी नव्याने मांडायला लागलो. संध्याकाळी भरपूर प्यावं तर रात्रभर झोप नाही, आणि त्या अवघडलेल्या देहाने रूळ ओलांडायचे. पहाटे प्यावं तर ते सकाळीच आडवं येतं. मी खटपट करून तिला सावलीत वाळू चाळायचं काम मिळवून दिलं, तर सावलीत घाम येईना, आणि घाम येईना म्हणून पाणी पिता येईना. मग आम्ही काय केलं ते नीट ऐका. आम्ही तिला पुन्हा उन्हात पाठवलं. खातूनबी, मी, आणखी दोघी-तिघी, सगळ्यांनी बसून विचार केला आणि ठरवलं की गयाने सगळ्यांत तापलेल्या जागी, पत्र्याच्या शेडशेजारी, खडीच्या ढिगावर काम मागून घ्यावं. तिथे अंगातून धारा लागतात. जेवढा घाम जाईल तेवढं पाणी प्यायची मुभा. पोटुशी बाई पाणी पिता यावं म्हणून ऊन मागून घेते, आणि आम्हा सगळ्यांना तो शहाणपणा वाटतो! मुकादमाला आनंद झाला. त्या जागी काम करायला एरवी कुणी राजी नसायचं.

मी पुढे बालवाडीत शिकवलं, सभांना गेले, भाषणं ऐकली. माणसाच्या कष्टांवर लोक फार सुंदर बोलतात. घामाची फुलं होतात, घामाचे मोती होतात. मला प्रत्येक वेळी तो खडीचा ढीग दिसतो. आमच्या घामाचं काहीही झालं नाही. ते नुसतं पाणी होतं आणि ते दुसऱ्या वाटेने बाहेर जाऊ नये म्हणून आम्ही ते असं काढत होतो.

एक दिवस दुपारी मुकादम बायकांना म्हणाला, फावडी घ्या आणि साहेबाच्या तंबूच्या बाजूला एक खड्डा खणा. दुसऱ्या दिवशी कुणी बडे पाहुणे बांधकाम बघायला येणार होते, त्यांच्याबरोबर त्यांच्या बायका येणार होत्या. मुख्य दालनाची स्लॅब त्यानंतरच्या सकाळी ओतायची होती, तिचा नारळ त्यांच्या हाताने फुटणार होता. खड्डा आम्हीच खणला. आक्काने माती वाहिली. चिंचवडच्या मांडववाल्याकडून लाल-निळ्या पट्ट्यांची कनात आली, चारी बाजूंनी बंद, वर छत. आत दोन फळ्या, बादलीभर पाणी, तांब्या, साबणाची नवी वडी, आणि बांबूला टांगलेला आरसासुद्धा. दाराशी रखवालदार. सगळं एका दुपारीत झालं. कितीतरी दिवस आम्ही मुकादमाला आडोसा मागत होतो आणि तो सांगत होता की बांबू नाहीत, माणसं नाहीत, जागा नाही.

पाहुणे आले. मोटारींनी धुरळा उडवला. बायका छत्र्या धरून उभ्या राहिल्या, सरबत प्यायल्या. किती निवांत प्यायल्या! मी त्यांच्या सरबताकडे बघत नव्हते, त्या ज्या बेफिकिरीने पेला रिकामा करत होत्या त्याकडे बघत होते. एकीने कनातीकडे बघून नाकाला पदर लावला. आत कुणीच गेलं नाही. नारळ फुटला, पेढे वाटले, मोटारी गेल्या. ती कनात कोरीच राहिली.

आक्का मुकादमापाशी गेली. ती कधी कुणापाशी जाऊन काही मागायची नाही, म्हणून मला आठवतं. तिने विचारलं, कनात राहील का. मुकादमाच्या तोंडात पेढा होता, साहेबाने त्याची पाठ थोपटलेली होती, तो खुशीत होता. म्हणाला, राहील की, तुमच्यासाठीच आहे असं समजा.

त्या संध्याकाळी आक्का पोटभर पाणी प्यायली. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना ती पुन्हा तांब्या घेऊन उंबऱ्यात बसली. मी तिला म्हटलं, जरा बेताने. तिने ऐकलं नाही. मान मागे टाकून, गळ्याची घाटी वरखाली करत, ती सगळा तांब्या प्यायली आणि दुसरा भरून घेतला. हनुवटीवरून ओघळलेलं पाणी तिने पुसलंदेखील नाही. पोटावर हात ठेवून म्हणाली, हा बघ, हालतोय. मला एवढं बरं वाटलं की मीही एक पेला जास्त प्यायले.

आम्ही माळावर पोचलो तेव्हा कनात नव्हती. मांडववाल्याने ती पाहुणे गेल्यागेल्या सोडून नेली होती. खड्डा बुजवला होता. तंबूशेजारी ओल्या मातीचा एक चौकोन, चार खुंट्यांची भोकं, आणि चिखलात साबणाचा तुकडा. आक्का त्या चौकोनाकडे बघत उभी राहिली. मुकादम ओरडला, रांग लावा.

स्लॅबचा दिवस काय असतो ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं. मिक्सर एकदा सुरू झाला की थांबत नाही. कालवलेला माल घमेल्यात पडतो आणि ते घमेलं हातोहात, बाईकडून बाईकडे, शिडीवरून वर जातं. वर गवंडी तो पसरतात. रांग मध्ये तुटली तर आधीचा माल घट्ट होतो, मागून आलेला त्याच्यात मिसळत नाही, आणि तिथे जोड पडतो. जोड पडला की स्लॅब कायमची कच्ची. म्हणून त्या दिवशी कुणी रांग सोडायची नाही. भाकरीसुद्धा पाळीपाळीने, तीही मुकादम सांगेल तेव्हा. मी शिडीच्या पायथ्याशी होते, माझ्या अलीकडे आक्का, तिच्या अलीकडे खातूनबी.

आक्काने बराच वेळ काढला. ती घमेलं देताना माझ्याकडे बघत नव्हती. तिच्या ओठावर घाम होता, पण त्या दिवशी घाम पुरा पडणार नव्हता. शेवटी ती हळूच म्हणाली की मला जायला पाहिजे. मी मुकादमाला सांगितलं. तो म्हणाला, आत्ता नाही, हा गाळा पुरा होऊ दे. थोड्या वेळाने मी पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, बायकांना घरून जाऊन यायला काय होतं. आक्काचे पाय थरथरायला लागले होते. एक घमेलं तिच्या हातून निसटता निसटता मी धरलं.

आणि खातूनबीने तिच्या हातातलं भरलेलं घमेलं खाली जमिनीवर ठेवलं.

आपटलं नाही. ठेवलं. मागून आलेलं दुसरं घमेलं घ्यायला तिचे हात पुढे आले नाहीत, म्हणून मागची बाई थांबली, तिच्या मागची थांबली, थेट मिक्सरपर्यंत. वरून गवंडी माल मागायला लागले. त्यांत माझा नवरा होता, दीर होते. मुकादम धावत आला, स्लॅब खराब होईल, साहेब मला उभा जाळील, म्हणायला लागला. खातूनबीने आक्काचा दंड धरला होता.

"स्लॅब थांबंल, मुकादम," ती म्हणाली. "बाई थांबनार न्हाई."

ती आक्काला घेऊन चालायला लागली आणि तिच्यामागे आम्ही सगळ्या. रुळांकडे नाही. सरळ त्या ओल्या मातीच्या चौकोनाकडे, साहेबाच्या तंबूसमोर. तिथे आम्ही पाठी आत आणि तोंडं बाहेर करून गोल उभ्या राहिलो, अंगाला अंग लावून, आणि लुगड्यांचे पदर सोडून दोन्ही हातांनी ताणून धरले. बाहेरच्या पुरुषांच्या डोळ्याला डोळा देऊन. खातूनबीने मान न वळवता सांगितलं, "गया, बस."

साहेब तंबूच्या दारात आला. त्याने आम्हाला बघितलं. काय चाललंय ते त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला आणि तो आत गेला. मी त्याच्याकडे टक लावून बघत होते. मला लाज वाटायला हवी होती. मला एवढा राग आला होता की लाजेला जागाच नव्हती. आत आक्का हुंदके देत होती; मोकळं झाल्याचे की कसले, कुणास ठाऊक.

ती उठली आणि गोलात माझ्याशेजारी येऊन उभी राहिली, आणि तिने आपला पदर ताणून धरला. मग दुसरी आत गेली. मग तिसरी. एकेक करून आम्ही सगळ्या गेलो. काहींना गरजही नसेल. ज्यांची झाली त्या रांजणाकडे गेल्या आणि तांब्यांनी पाणी प्यायल्या, सगळ्यांसमोर, सावकाश. मिक्सर गरगर फिरत होता, त्यातला माल सुकत होता, वरून हाका येत होत्या, आणि आम्ही पाणी पीत होतो. त्या पाण्यासारखं पाणी मी पुन्हा कधी प्यायले नाही.

आम्ही रांगेत परतलो तेव्हा वरचा माल घट्ट झाला होता. गवंड्यांनी थापीच्या टोकाने तो उकरून बघितला, पाणी मारलं, पुढचा माल ओतला, पण जोड पडायचा तो पडलाच. संध्याकाळी तंबूमागे तीन तट्टे उभे राहिले, वर छप्पर नाही, खाली फळ्या नाहीत. आम्ही कुणाचे आभार मानले नाहीत. खातूनबीला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगण्यात आलं. आम्ही भांडलो, काही झालं नाही. पुढे ती चिंचवडच्या बाजूला एका कामावर लागली, आणि तिथल्या मुकादमाला तिने पहिला प्रश्न केला तो आडोसा कुठे आहे हाच, असं ऐकलं.

आक्काला पावसाळ्यात मुलगी झाली, धडधाकट. आक्का मात्र कधी पुरती बरी झाली नाही. तो ताप दरवर्षी उन्हाळ्यात यायचा, मग हिवाळ्यातही यायला लागला. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा आक्काची मूत्रपिंडं गेली, आणि पुण्याच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरने, तिच्या शेवटच्या आठवड्यात, आम्हाला विचारलं की ही बाई वेळच्या वेळी पाणी का प्यायली नाही. दीर मान खाली घालून उभे होते. मी त्या डॉक्टरला काय बोलले ते इथे लिहिता येत नाही. आक्काची मुलगी मी वाढवली. पल्लवी तिची लेक, म्हणजे आक्काची सख्खी नात. आजी मला म्हणते.

माझा नवरा पुढे त्याच कारखान्यात लागला. दर पावसाळ्यात घरी येऊन सांगायचा, दालनात एका सरळ रेघेत छत गळतंय. डांबर लावलं, गिलावा केला, मुंबईहून माणसं आणून बघितलं, तरी त्या रेघेखाली बादल्या ठेवाव्या लागायच्या. नव्या साहेबांना कळेना की एवढ्या चांगल्या बांधकामाला हे काय झालं. नवऱ्याला माहीत होतं. तो कधी बोलला नाही, घरी येऊन मात्र आम्हाला सांगायचा, आज तीन बादल्या भरल्या. मग मी आक्काच्या मुलीला हाक मारायचे आणि तिला पाणी प्यायला द्यायचे, उगाचच.

हे सगळं मी पल्लवीला कधी सांगितलं नव्हतं. परवा सांगावं लागलं.

ती चाकणला एका कारखान्यात आहे, मोटारीचे भाग जोडायच्या लाइनवर. कंपनीची बस पहाटे येते, शिफ्ट संपली की सोडते. परवा ती आली, पिशवी टाकून पलंगावर आडवी झाली. मी पिशवी उचलायला गेले तर जड लागली. आत बाटली होती, माझ्या बाटलीची जोड. काठोकाठ भरलेली. आठची रेघ बुडालेली, दहाची बुडालेली, सगळा दिवस जसाच्या तसा. मी म्हटलं, हे काय? तिने डोळे न उघडता सांगितलं, विसरले. मी तिथेच उभी राहिले. मग ती उठून बसली.

"लाइन सोडायची तर बदली माणूस लागतं, आजी. ते वेळेवर येत नाही. सोडून गेलं तर सगळी लाइन थांबते, मग सुपरवायझर सगळ्यांसमोर बोलतो. त्यापेक्षा कमी प्यायलेलं बरं. आम्ही सगळ्याच तसंच करतो." आणि मग, मला बरं वाटावं म्हणून, ती हसून म्हणाली, "सवय झालीय गं. आता जमतं."

जमतं. तोच शब्द. आक्काचं नाक आणि आक्काची हनुवटी असलेल्या पोरीच्या तोंडातून. सत्तर वर्षांत काय काय झालं या माळावर. बंगले झाले, पूल झाले, रावेतला आभाळाला भिडणाऱ्या इमारती झाल्या. कारखान्यांना पांढऱ्या फरशीची बाथरूमं झाली, तिथे आरसे आहेत, साबण आहे. कनात पक्की झाली, एवढंच. पाणी अजून बोटांनीच मोजलं जातं. मी पलंगाची कड धरली. पल्लवीला वाटलं मला पुन्हा चक्कर येते आहे. मी तिला बसवलं आणि तिच्या आजीची गोष्ट सांगितली, खडीच्या ढिगापासून दवाखान्यापर्यंत. खातूनबीचं काम गेलं, तेही सांगितलं. फसवायचं नव्हतं मला तिला.

 मग तिने विचारलं, बदली माणूस नसताना तिने आणि तिच्या बरोबरच्या पोरींनी लाइन खरंच थांबवली, तर काय होईल?

मी बाटलीचं झाकण उघडलं आणि बाटली तिच्या हातात दिली.

"जोड पडेल," मी म्हटलं. "पडू दे. तू पाणी पी."